दहावी टोपी

त्या शनिवारी चष्मेवाल्याला दोन ठिकाणी हजर राहायचं होतं आणि दोन्हीकडे त्याच्यावाचून पान हलणार नव्हतं. एकीकडे वर्षापूर्वी गेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणायची होती, दुसरीकडे दोन महिन्यांच्या मुलीला हातात धरून उभं राहायचं होतं.

हे असं का, ते आधी सांगायला हवं.

त्याची आई ज्यू आणि वडील कॅथलिक. ज्यूंच्यात आईचं ते मुलाचं, म्हणून जन्मला तेव्हाच तो ज्यू झाला. सहाव्या आठवड्यात वडिलांनी त्याला दुपट्यात गुंडाळून चर्चमध्ये नेलं आणि डोक्यावर पाणी घालून आणलं, म्हणून तो कॅथलिकही झाला. शेजारीपाजारी त्याला 'अर्धा हा, अर्धा तो' म्हणत. तसं असतं तर बरंच झालं असतं, अर्ध्या माणसाला लोक कामंही अर्धीच सांगतात. हा दोन्हीकडे पुरा भरत होता. लहानपणी शनिवारी आईबरोबर सिनेगॉग, रविवारी वडिलांबरोबर चर्च. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळणं म्हणजे काय, ते त्याला चाळिशीतही माहीत नव्हतं.

आईवडील गेले, गावाच्या दोन टोकांच्या दोन दफनभूमींत जाऊन निजले. मागे आईकडून मावशी उरली आणि वडिलांकडून आत्या. दोघी सत्तरीच्या, दोघी विधवा, दोघींच्या मते याचं जेवणाकडे लक्ष नाही. दोघींचं भांडण असं कधी झालं नव्हतं, कारण भांडायला समोरासमोर यावं लागतं. मावशी त्याच्या चर्चला जाण्याला 'त्याचं रविवारचं ते' म्हणायची. आत्या त्याच्या सिनेगॉगला जाण्याला 'मावशीची विचारपूस करायला गेलाय' म्हणायची. चर्चचं नाव निघालं की मावशी हात झटकायची, "डोक्यावर पाणी पडलं म्हणून काय झालं? पावसातही पडतं." आत्याचं म्हणणं बरोबर उलट, "ते पाणी एकदा पडलं की पडलं. टॉवेलने पुसलं जात नाही."

चष्म्याचं दुकान मूळचं मावशीच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. विसाव्या वर्षी त्यांनी याला कामाला घेतलं, भिंगं घासायला शिकवली, फ्रेमच्या दांड्या गरम करून कानामागे बेताने वाकवायला शिकवलं. गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली की काका म्हणायचे, "छान. आता डोळे उघडून वाचा." गेल्या वर्षी ते दुकानातच, दुपारच्या डुलकीत गेले. आता त्यांचं वर्षश्राद्ध, म्हणजे त्यांच्या पंचांगाप्रमाणे तिथी, शनिवारी येत होती. त्या दिवशी कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायची असते. ती मृताच्या जवळच्या माणसाने मोठ्याने म्हणायची आणि निदान दहा पुरुष हजर असले तरच म्हणायची. काकांना मुलगा नाही, तेव्हा म्हणणारा हाच. आणि सिनेगॉगात चालतीफिरती माणसं उरली होती नऊ, तेव्हा दहावाही हाच.

हे ठरलेलं असताना आत्याची मुलगी पोर घेऊन माहेरी आली. आत्याने दुकानात येऊन काउंटरवर पर्स ठेवली आणि जाहीर केलं, "शनिवारी चार वाजता बाप्तिस्मा आहे. धर्मपिता तू."

"आत्या, शनिवारी मला..."

"सकाळी जा ना मावशीची विचारपूस करायला. मी चार म्हटलंय. पाच वाजता फादरांकडे लग्न आहे, त्यामुळे चार म्हणजे चार."

चष्मेवाल्याने हिशेब केला. सकाळी नऊला प्रार्थना, साडेदहाला कद्दिश, घरी येऊन आंघोळ, कडक इस्त्रीचा शर्ट, चारला चर्च. सगळं बसत होतं. वर दुपारची झोपही बसत होती. तो आत्याला हो म्हणाला.

शनिवारी सकाळी तो सिनेगॉगात पोचला तेव्हा मोजणीवाले दारातच उभे होते. हे निवृत्त सर्व्हेअर, सिनेगॉगचा सगळा कारभार तेच बघत. प्रार्थनेसाठी जमलेली माणसं आकड्याने मोजायची नाहीत असा दंडक, म्हणून मोजणीवाले टोप्या मोजत.

"टोप्या नऊ," ते म्हणाले.

"कोण नाही?"

"बेकरीवाले. पोट बिघडलंय."

शनिवार म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, त्यामुळे फोन करायचा नव्हता, गाडीला हात लावायचा नव्हता. मावशी बायकांच्या बाजूने उठली आणि निळी चप्पल फटक फटक वाजवत बेकरीवाल्यांच्या घरी चालत गेली. चौथा मजला. पाऊण तासाने ती एकटीच परत आली.

"चारपर्यंत बरा होऊन येतो म्हणालाय," ती धापा टाकत म्हणाली. "आत्ता दहा मिनिटं सलग उभा राहू शकत नाही. मी म्हटलं बसून राहा, तर म्हणाला, बसणंच तर चाललंय सकाळपासून."

मोजणीवाल्यांनी निकाल दिला. "दुपारच्या प्रार्थनेला म्हणू. पावणेपाच. सूर्य मावळेपर्यंत तिथी आहे, सहाला दहा कमी असताना मावळतो. भरपूर वेळ आहे."

चष्मेवाल्याने पुन्हा हिशेब मांडला. चारला बाप्तिस्मा, साडेचारला संपला, तिथून चालत वीस मिनिटं. धावत बारा. जमेल, तो मनाशी म्हणाला. मावशीला मात्र काहीच म्हणाला नाही, आणि चूक झाली ती इथे.

चारला पाच मिनिटं असताना तो चर्चच्या पायरीवर हजर. आत्या मोतिया रंगाच्या पोशाखात, आतेबहीण झोप न झालेली, तिचा नवरा हातात दुधाच्या बाटल्यांची पिशवी धरून, आणि पोर या सगळ्यांच्या मध्ये शांत झोपलेली. फक्त फादर नव्हते. गावाबाहेरच्या एका आजारी बाईकडे गेले होते आणि येताना त्यांच्या स्कूटरचं चाक पंक्चर झालं होतं. सव्वाचारला चर्चच्या सेवकाने निरोप आणला, फादर पाच वाजता येतील. लग्नवाल्यांना सांगितलंय, त्यांचीही वधू अजून केस करतेय.

"पाच?" चष्मेवाल्याचा आवाज फाटला.

"तुला काय घाई आहे?" आत्या म्हणाली. "दुकान तर बंद आहे आज."

पाचला सुरू, साडेपाचला संपणार, पावणेसहाला पोचणार. त्यात प्रार्थना व्हायची, मग कद्दिश. पाच मिनिटांत काकांना कुठे बसवणार? तो थोडा वेळ पायरीवर उभा राहून घड्याळाकडे बघत राहिला. त्याला एकदम चीड आली. हे नऊ म्हातारे त्याला दहा पुरे करायला बोलवत, आणि इथे धर्मपित्याच्या रकान्यात कोणीतरी हवं म्हणून तो. 'तुला यायचंय का रे?' असं आजवर एकाही माणसाने विचारलं नव्हतं. मग वाटलं, काकांनी तरी कुठे विचारलं होतं? त्यांनी नुसता स्टूल सरकवला होता, बस म्हणाले होते.

"आत्या, मी पाचच्या आत येतो," एवढं म्हणून तो कडक इस्त्रीच्या शर्टात धावत सुटला.

"अरे! कुठे? मावशीची विचारपूस सकाळीच झाली ना?" आत्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे आला.

सिनेगॉगात जाऊन सांगायचं, काहीतरी तोड काढायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण तो बाजाराच्या रस्त्याला लागला तर समोरून मोर्चा यावा तशी माणसं येताना दिसली. सर्वांत पुढे मावशी. मागे टोप्या घातलेले नऊ म्हातारे, दोघांच्या हातात काठ्या, शेवटी बेकरीवाले, एक हात पोटावर आणि दुसरा भिंतीवर.

"कळलं मला!" मावशी लांबूनच कडाडली. "फुलवालीने सांगितलं, तुझी आत्या सकाळी फुलं घेऊन गेली म्हणून. चार वाजताचं आहे म्हणे. म्हटलं तो यायचा नाही, आपणच जाऊ. मला एका शब्दाने बोलला नाहीस!"

"मी येतच होतो."

"कुठून येत होतास ते दिसतंय. टाय आहे गळ्यात."

"भांडण नंतर," मोजणीवाले म्हणाले. "पाचला पंचवीस कमी. प्रार्थना कुठेही करता येते, दहा असले की झालं. प्रश्न जागेचा आहे. रस्त्यात बरं दिसणार नाही."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. डाव्या हाताला शिवणकामाचं दुकान, चालू. त्यापुढे औषधांचं, त्याच्यापुढे रांग. आणि उजव्या हाताला, शटर ओढलेलं, वर्षानुवर्षं तीच पाटी असलेलं चष्म्याचं दुकान.

चष्मेवाल्याचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. शब्बाथच्या दिवशी खिशात किल्ली घेऊन हिंडायचं नसतं.

मोजणीवाल्यांनी आकाशाकडे पाहिलं. "या पोराच्या खिशात काय आहे ते मला दिसलं नाही. तुम्हाला कोणाला दिसलं?"

"माझा चष्मा घरी आहे," एक जण म्हणाले.

"माझा याच्याकडेच दुरुस्तीला आहे," दुसरे म्हणाले.

शटर वर गेलं, चष्मेवाल्याने खिशातली टोपी डोक्यावर घातली. दहा पुरुष आणि मावशी त्या बोळकांडीएवढ्या दुकानात शिरले. दिवा लावायचा नव्हता, काचेतून संध्याकाळचा उजेड येत होता तेवढाच. मोजणीवाल्यांनी सवयीने मोजायला सुरुवात केली आणि गोंधळले. दुकानात गिऱ्हाइकांसाठी तिन्ही बाजूंना आरसे होते.

"टोप्या एकतीस," ते पुटपुटले. "नाही, चौतीस."

"बेकरीवाले हलताहेत," कोणीतरी म्हणालं.

"हलू नका हो!"

"मला हलायचंच नाहीये," बेकरीवाले कळवळून म्हणाले. "मला फक्त सांगून ठेवा, मागे संडास कुठे आहे."

आरशासमोर प्रार्थना करायची नसते. मावशीने ड्रॉवर उघडला, भिंगं पुसायची पिवळी फडकी काढली. ती हातरुमालाएवढीही नव्हती. मग तिने काकांच्या कोटाची खुंटी शोधली, तिच्यावरचा जुना निळा कामाचा कोट एका आरशावर टांगला, दुसऱ्यावर स्वतःची शाल टाकली, तिसऱ्यासमोर स्वतःच उभी राहिली. "माझ्याकडे पाठ करा," ती म्हणाली. "झालं."

ज्या दिशेला तोंड करायचं त्या भिंतीवर नेमका अक्षरांचा तक्ता होता. दहाही जण त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. प्रार्थना सगळ्यांना पाठ होती. पण मधूनच ज्यांचा चष्मा दुरुस्तीला होता ते गृहस्थ शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले, "तिसऱ्या ओळीत ते काय आहे?" "गप्प उभे राहा," शेजारी म्हणाला, आणि स्वतः डोळे बारीक करून बघायला लागला.

मग कद्दिशची वेळ आली.

चष्मेवाल्याने ती आठवडाभर पाठ केली होती, भिंगांच्या नंबरांच्या कागदांवर लिहून. कागद घरी राहिले होते. त्याने सुरुवात केली, पहिल्या दोन ओळी नीट गेल्या, आणि तिसऱ्या ओळीला त्याची नजर काउंटरमागच्या त्या लाकडी स्टुलावर गेली. स्टुलाच्या एका पायाखाली काकांनी फ्रेमच्या डबीचं झाकण सरकवलेलं होतं, डुगडुगू नये म्हणून. वर्षभर तो त्या स्टुलावर बसत होता आणि ते झाकण त्याने पाहिलं नव्हतं. पुढचा शब्द आठवेना.

मोजणीवाल्यांनी पुढचा शब्द हळूच सांगितला. मग त्यापुढचा बेकरीवाल्यांनी. असं करत करत म्हाताऱ्यांनी त्याला जिना उतरवावा तसं शेवटच्या पायरीपर्यंत आणलं. शेवटी सगळे एकदम म्हणाले, "आमेन."

आणि त्या सगळ्यांच्या वर, शटरच्या दिशेने, एक खणखणीत बाईचा आवाज आला.

"आमेन!"

सगळे वळले. दारात आत्या उभी होती. तिच्यामागे आतेबहीण, तिच्या हातांत पोर, त्यामागे बाटल्यांच्या पिशवीसकट नवरा. फादर आले होते, धर्मपिता नव्हता, म्हणून मंडळी शोधायला निघाली होती. आत्या शिव्या घालायच्या तयारीने आली असावी, कारण तिचा उजवा हात कमरेवर होता. पण किती वेळ ती तिथे तशीच उभी होती कोण जाणे.

मावशी आरशासमोरून हलली. वीस वर्षांत पहिल्यांदाच दोघी चार हातांच्या अंतरावर आल्या.

"तुम्ही कशाला म्हणालात?" मावशीने विचारलं.

"मला काय माहीत तुमचं कुठे संपतं ते?" आत्या म्हणाली. "सत्तर वर्षांची सवय आहे. ऐकलं की तोंडातून निघतं." मग जरा थांबून तिने कमरेवरचा हात काढला. "तुमचे यजमान भले होते. माझ्या पहिल्या चष्म्याला त्यांनी तीनदा दांडी बदलून दिली. माझे कान वरखाली आहेत, पण ते एका शब्दाने बोलले नाहीत मला."

"मला बोलले होते," मावशी म्हणाली.

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. आणि मग हसली, आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने. मावशीच्या तोंडाला पदर गेला. तो हसण्यासाठी की डोळ्यांसाठी, ते चष्मेवाल्याला दोन्ही डोळे चांगले असूनही कळलं नाही.

"फादर थांबलेत," आतेबहीण म्हणाली. "लग्नाची वधू येऊन बसलीय."

निघाले सगळेच. कारण दुकानाला संडास नव्हता, चर्चमध्ये आहे हे बेकरीवाल्यांना कळलं होतं आणि त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. आणि बाकीच्या म्हाताऱ्यांना एकटं परत पाठवलं असतं तर वाटेत कोणाला काय झालं ते कळलं नसतं. चर्चपाशी म्हातारे अंगणातल्या बाकांवर टेकले. मावशी पायऱ्यांच्या खालीच थांबली. "मी इथेच ठीक आहे," ती म्हणाली, "इथून ऐकू येतं."

आत फादर घाईने झगा सारखा करत होते. चष्मेवाला धापा टाकत बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभा राहिला तशी आत्या डोळ्यांनी खुणा करू लागली. आधी भुवया वर, मग मान वर, मग सरळ बोट. त्याने डोक्याला हात लावला. टोपी तशीच होती. चर्चमध्ये पुरुषांनी टोपी काढायची असते, तो गडबडीने काढायला गेला.

"असू दे, असू दे," फादर म्हणाले. "आमचे बिशप अश्शीच घालतात. रंग तेवढा वेगळा." मग ते गंभीर झाले आणि पोरीच्या आईबापांना विचारायचं ते विचारून त्याच्याकडे वळले. "या मुलीच्या आईवडिलांना त्यांच्या कर्तव्यात मदत करायला तू तयार आहेस का?"

हे ठरीव वाक्य. लहानपणापासून त्याने ते दुसऱ्यांना विचारलेलं शंभर वेळा ऐकलं होतं. आज ते आपल्याला विचारलं जातंय, हे ध्यानात यायला त्याला एक क्षण लागला. फादर खरोखरच उत्तराची वाट बघत होते. पोर जागी झाली होती आणि तीही बघत होती.

"आहे," तो म्हणाला. दुकानात बहिऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायचा तो आवाज लागला, आणि बाहेर पायऱ्यांखाली मावशीने तो ऐकला.

पाणी डोक्यावर पडलं तशी पोरीने भोकाड पसरलं. कपाळावरून ओघळलेलं पाणी त्याच्या कडक इस्त्रीच्या बाहीत गेलं. त्याने तिला खांद्यावर घेतलं, तर त्याचा टाय तिच्या तोंडात गेला आणि ती गप्प झाली.

बाहेर आले तेव्हा सूर्य गेला होता आणि उजेड मागे रेंगाळत होता. लग्नाची वधू आत गेली. आता म्हाताऱ्यांना घरी पोचवायचं, तर शब्बाथ अजून उतरला नव्हता. आकाशात तीन तारे दिसले की तो उतरतो, मगच गाडीत बसता येतं. आठ म्हातारे अंगणात माना वर करून उभे राहिले.

"तो बघा एक," मोजणीवाले म्हणाले.

"तो चर्चवरचा दिवा आहे," चष्मेवाला म्हणाला.

"मग तो?"

"विमान."

"तुमच्यातल्या एकाला तरी लांबचं दिसतं का?" आत्याने विचारलं. तिने नातीला मावशीकडे दिलं, असं सहज, पिशवी धरायला द्यावी तसं, आणि स्वतः अंगणाच्या मधोमध जाऊन कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहू लागली. तिला लांबचं उत्तम दिसे, जवळचंच दिसत नसे.

मावशी पोरीकडे बघत होती. पोरीचं डोकं अजून ओलं होतं. मावशीने पदराच्या टोकाने ते टिपलं, नीट, कानांमागूनसुद्धा, आणि पुटपुटली, "सर्दी होईल."

"एक!" आत्या ओरडली. "त्या खांबाच्या डावीकडे."

"नक्की का?" मोजणीवाले म्हणाले. "तारा हवा हं, बारीक. मोठे धरत नाहीत."

"बारीकच आहे. आणि दुसरा त्या विजेच्या तारेच्या वर. थांबा हो, घाई करू नका."

चष्मेवाला पायरीवर बसला. टाय ओला झाला होता, बूट चावत होते. बेकरीवाले आतून आले, बऱ्याच वेळाने प्रसन्न दिसत, आणि त्याच्याशेजारी टेकले.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मग बसू या," बेकरीवाले म्हणाले आणि पाय लांब केले.